दादऱ्याच्या ठेक्यावर पोहणं: नवशिक्यांना ताल आणि पाण्यातले व्यायाम यांतून कसं शिकवावं

नवशिक्याला छातीभर पाण्यात उभं केलं आणि "तोंड बुडव" म्हटलं की तो आधी श्वास कोंडतो. मग मान ताठ होते, खांदे कानाला लागतात, पोट आखडतं आणि पाय तळाकडे जातात. अशा माणसाला हात कसे मारायचे ते सांगून काही उपयोग नसतो. पाण्यात जीव कासावीस होतो तो बहुतेक वेळा प्राणवायू संपला म्हणून होत नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत गेला की श्वास घेण्याची ओढ लागते, आणि कोंडलेल्या छातीत ती लवकर लागते. म्हणून ताल वापरायचा तो आधी श्वास सोडण्यासाठी. पायांची पाळी नंतर, हातांची त्याच्याही नंतर. हा क्रम उलटा केला आणि दणदणीत गाणं लावून पहिल्याच दिवशी पाय मारायला लावले, तर शिबिर रंगतं खरं, पण पंधरवडा उलटला तरी पोरं चार हात मारून उभीच राहतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात पोहायला शिकायची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मे महिन्यात पाठीला सुका भोपळा, सांगड किंवा पत्र्याचा डबा बांधायचा आणि विहिरीत ढकलून द्यायचं. त्या रीतीनं पुष्कळ जण शिकले. पण जे गटांगळ्या खाऊन वर आले आणि पुन्हा कधी पाण्याकडे फिरकले नाहीत, त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. खाली दिलेली पद्धत त्या दुसऱ्या गटासाठी जास्त उपयोगी आहे: घाबरणारी मुलं, आणि तिशी-चाळिशीनंतर शिकायला येणारी मोठी माणसं.

पाणी कुठलं हवं

उभं राहता येईल असंच. मोठ्यांना बेंबी ते छाती, मुलांना फार तर छातीपर्यंत. म्हणजे मोठ्यांसाठी साडेतीन ते चार फूट, आणि तळ सपाट. बेळगावातल्या गोवावेससारख्या तरण तलावाची उथळ बाजू या कामाला योग्य. विहीर नाही. विहिरीला उथळ बाजू नसते, शेवटची पायरी सुटली की थेट दोन-तीन पुरुष पाणी. इथले निम्मे व्यायाम उभं राहूनच करायचे असल्यामुळे ते विहिरीत होऊच शकत नाहीत.

शेततळं तर मुळीच नको. त्याच्या उतारावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद ओला झाला की पाय ठरत नाही, नख रुतत नाही. चांगल्या पोहणाऱ्यालाही दोराशिवाय वर येता येत नाही. नदीचं म्हणाल तर वेदगंगा-दूधगंगेवरच्या बंधाऱ्यांजवळ बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढलेल्या गाळ्यांची ओढ असते, वाळू उपसलेल्या ठिकाणी गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला डोक्यावर पाणी येतं, आणि कृष्णेत मगरी आहेत. दगडाच्या खाणीत साचलेलं पाणी दिसायला नितळ असतं, पण त्याची कड सरळ तुटलेली असते.

हंगाम फेब्रुवारीच्या शेवटापासून मेअखेरपर्यंत. २८ ते ३० अंश तापमानाच्या पाण्यात नवशिक्याचं अंग सैल पडतं. बेळगावची हवा मुळात थंड, त्यामुळे जानेवारीतल्या सकाळी उघड्या तलावात लहान मूल वीस मिनिटांत कुडकुडायला लागतं. ओठ निळसर दिसले की बाहेर काढायचं, "अजून थोडं" नाही. एप्रिल-मेत दुपारनंतर वळीव येतो. पहिला गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत कुणी पाण्यात जायचं नाही.

फिट येणारे, हृदयविकार असलेले, कानाचा पडदा फाटलेले यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. कपडे अंगाबरोबर बसणारे, पाणी न शोषणारे हवेत. महिलांच्या बॅचमध्ये सुती सलवार, परकर, ओढणी पाण्यात जड होतात आणि पायात गुंततात. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोहण्याचा पोशाख मिळतो; तो घालून पाय मोकळे मारता येतात.

ताल कशानं धरायचा

विजेच्या तारेवर चालणारा स्पीकर तलावाच्या काठावर आणायचा नाही. एक्स्टेंशन बोर्ड तर नाहीच. बॅटरीवरचा ब्लूटूथ स्पीकर पुरतो. तोही काठापासून दहा फूट मागे, जमिनीवर नको, खुर्चीवर ठेवा.

पण स्पीकरपेक्षा टाळ बरे. पत्र्याचं छप्पर असलेल्या तलावात गाण्याचे शब्द घुमतात आणि ठेकाच कळेनासा होतो. टाळांचा आवाज मात्र पोरांच्या गलक्यातूनही स्वच्छ येतो. प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. त्यातला लय न सोडणारा एक टाळकरी तासभर मिळाला तर शिक्षकाचं अर्धं काम झालं. हलगी आणायचा मोह होतो, पण ओलाव्यानं तिचं कातडं लवकर सैल पडतं आणि वाजवणाऱ्याला उत्साह आला की लय वाढते. लय वाढणं हा इथे सगळ्यात मोठा दोष. कुणीच मिळालं नाही तर मोबाइलवर तबल्याचा ठेका देणारं अ‍ॅप घ्या, त्यात मिनिटाला किती मात्रा, म्हणजे तालाचे किती ठोके, हे ठरवता येतं.

दोन ठेके पुरतात. दादरा, सहा मात्रांचा: धा धी ना, धा तू ना. आणि आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका. भावगीतं आणि पाळणे यांत दादरा पुष्कळ सापडतो, आणि बरेच अभंग आठ मात्रांत बसतात, त्यामुळे कान तयार असतात. गाणं लावायचंच असेल तर ते आवडीवरून निवडू नका. घड्याळ लावून मात्रा मोजा आणि मग ठरवा.

बॅचमध्ये कन्नड बोलणारी मुलं असली तर 'एक-दोन-तीन' आणि 'ओंदु-एरडु-मूरु' असा दुहेरी गोंधळ घालण्यापेक्षा बोलच म्हणा. धा धी ना दोघांनाही सारखंच.

आता एक गोष्ट जी नवे शिक्षक विसरतात. काठावर वाजणारा आवाज पाण्याखाली जवळजवळ पोहोचत नाही. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून बहुतेक परतच जातो. कान बुडाले की ठेका गायब, आणि त्या एकाएकी आलेल्या शांततेनं काही जण दचकतात. म्हणून हे आधी सांगून ठेवायचं: "कान पाण्यात गेले की आवाज बंद होईल, तू मनात मोज." खाली ठेका पोहोचवायचाच असेल तर पाण्यात दोन गोटे एकमेकांवर आपटा किंवा शिडीच्या स्टीलच्या दांड्यावर पाण्याखालच्या भागात चमच्यानं ठोका. पाण्यातून निघालेला आवाज पाण्यात छान ऐकू येतो, फक्त कुठून आला ते कळत नाही.

आवाजाची मर्यादा सोपी आहे: शिक्षकानं नेहमीच्या खड्या आवाजात हाक मारली तर ती लांबच्या टोकाला ऐकू गेली पाहिजे. नाही गेली तर ठेक्याचा आवाज कमी करा. बुडणारा माणूस ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वर-खाली होत असतं, हात दोन्हीकडे पाणी दाबत असतात, आणि हे सारं मिनिटभराच्या आत संपतं. म्हणूनच ताल धरणारा, शिकवणारा आणि नुसती नजर ठेवणारा ही वेगवेगळी माणसं हवीत. नजर ठेवणाऱ्यानं टाळ वाजवायचे नाहीत, मोबाइल बघायचा नाही. सात वर्षांखालच्या चार मुलांमागे एक शिक्षक, मोठ्यांच्या सहा ते आठ जणांमागे एक.

पहिला नियम: ठेका थांबला की काठ

पाण्यात उतरण्याआधी हे शिकवायचं. टाळ अचानक थांबले की हातातलं सगळं सोडून जवळचा काठ धरायचा आणि तोंडानं श्वास सोडायचा. संगीत खुर्चीसारखा खेळ म्हणून मुलं तो आनंदानं खेळतात. प्रत्येक तासाला दोन-तीनदा, न सांगता, ठेका थांबवा. आठवड्याभरात ही सवय अंगात भिनते, आणि खरंच काही झालं तर ओरडाआरडा न करता सगळा तलाव काठाला लागलेला असतो. सगळ्यात शेवटी काठ धरणाऱ्याला बाद करू नका. बाद झालेलं मूल काठावर बसून थंडीनं आखडतं. आणि काठाकडे पळायचं नाही, पाण्यातून चालत किंवा सरकत जायचं.

चालणं आणि बुडबुडे

पहिले दोन दिवस पोहणं नाहीच. पंचेचाळीस मिनिटांच्या तासातली पहिली दहा मिनिटं चालण्यात घालवा. काठाला समांतर पुढे, मग मागे, मग खेकड्यासारखं आडवं. पाण्यात जमिनीवरच्या वेगाच्या निम्म्यानंही चालवत नाही, त्यामुळे मिनिटाला ६० ते ७० मात्रा, मात्रेला एक पाऊल. पाण्यातल्या व्यायामांच्या वर्गात १२५ ते १५० मात्रांचं संगीत लावतात, पण हालचाल एक मात्रा सोडून करतात, हिशेब तोच. मागे चालणं टाळू नका. पाठीला पाणी टेकतं, तोल जातो आणि सावरतो, आणि उताणं तरंगण्याची भीती तिथेच निम्मी होते.

मग हात. कोपरं पाण्याखाली, तळवे बाहेर वळवून पाणी ढकला, आत वळवून ओढा. तळहातांनी आडवा आठचा आकडा काढल्यासारखं. तळव्याला पाणी जड लागलं पाहिजे. बोटं फाकवून किंवा करकचून मिटवून नको, सैलशी जोडलेली. ही एक हालचाल पुढे उभं पोहताना, म्हणजे खोल पाण्यात जागच्या जागी तरंगताना, जीव वाचवते, म्हणून पाच मिनिटं द्या.

आता मुख्य गोष्ट. दादरा, मिनिटाला ६० मात्रा, टाळ अगदी संथ. एका हातानं काठ धरून उभं राहायचं.

'धा धी' या दोन मात्रांत तोंडानं श्वास आत. 'ना धा तू ना' या चार मात्रांत तोंड पाण्यात आणि हवा बाहेर. म्हणजे दोन आत, चार बाहेर. पहिल्या फेरीत फक्त हनुवटी-ओठ पाण्याला लावून फुंकर, गरम चहावर घालतो तेवढीच. दुसऱ्या फेरीत नाकापर्यंत. तिसऱ्यात डोळे उघडे ठेवून पूर्ण चेहरा. प्रत्येक पायरीला दहा आवर्तनं (सहा मात्रांची एक फेरी म्हणजे एक आवर्तन), मग अर्धा मिनिट नुसता ठेका ऐकायचा.

नाकात पाणी जाण्याची तक्रार इथेच येते. त्यावर नाक दाबणं हा उपाय नव्हे, गुणगुणणं हा आहे. तोंड मिटून 'म्‌‌‌' असा हुंकार धरला की हवा नाकातूनच बाहेर येते, आणि हवा बाहेर येत असताना पाणी आत शिरत नाही. जमिनीवर उभं राहून करून बघा: नाक दाबलं की हुंकार लगेच बंद पडतो. म्हणून मुलांना पाण्याखाली चार मात्रा कुठल्याही चालीवर गुणगुणायला सांगा. संगीताचा इतका थेट उपयोग या साऱ्या पद्धतीत दुसरा नाही. हुंकार मध्येच तुटला तर समजायचं की श्वास कोंडला. बाहेरून बुडबुडे पाहूनही ते कळतं. एकदम भसकन हवा सोडणाऱ्याला शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या पडतात आणि तो घाईनं वर येतो. त्याला सांगायचं, "हळू सोड रे, 'तू ना' ला पण ठेव."

डोकं बुडवून वर येण्याची वीस आवर्तनं न थांबता, चेहऱ्यावरचं पाणी हातानं न पुसता, जमली की हा टप्पा संपला. मुलांना हे दोन दिवसांत जमतं, मोठ्यांना चार-पाच लागतात. घाई करू नका, याच्यापुढचं सगळं यावर उभं आहे.

इथे एक कडक बंदी: कोण जास्त वेळ खाली राहतो अशी पैज लावायची नाही, आणि बुडीआधी जोरजोरात भराभर श्वास घ्यायचे नाहीत. त्यानं कार्बन डायऑक्साइड इतका कमी होतो की श्वासाची ओढ लागायच्या आतच शुद्ध हरपते. पट्टीचे पोहणारेही असे बुडाले आहेत.

तरंगण्याआधी उभं राहणं

तरंगता आलं पण पाय तळाला टेकवता आले नाहीत, तर नवशिक्या तिथेच घाबरतो. म्हणून आधी उभं राहणं शिकवा. पालथं असताना: गुडघे पोटाशी ओढा, हात पुढून खाली दाबा, पाय टेकवा, आणि मग डोकं वर. डोकं आधी वर काढलं की पाय मागेच तरंगत राहतात आणि तोंड पुन्हा पाण्यात आपटतं. उताणं असताना: हनुवटी छातीला, गुडघे पोटाशी, हात पाण्याखालून मागून पुढे ओढा, पाय टेकवा. चार मात्रांत चार गोष्टी: पालथ्याला गुडघे, हात, पाय, डोकं; उताण्याला हनुवटी, गुडघे, हात, पाय. हे बोल म्हणूनच पाठ करून घ्या.

तरंगण्याचे प्रकार तीन पुरतात. गुडघे मिठीत घेऊन गोळा. हातपाय फाकवून पालथं. हातपाय फाकवून उताणं. गोळा झाल्यावर पाठ आपोआप पाण्याच्या पातळीला येते, आणि पाणी आपल्याला वर ढकलतं हे सांगावं लागत नाही. उताण्यात शिक्षकाचा एक हात मानेखाली, दुसरा कंबरेखाली. कान पाण्यात, नजर छपराकडे, पोट वर. कंबर मोडून 'बसलेला' माणूस बुडतो. इथे ठेका बंद ठेवा. कान पाण्यात असल्यानं तो ऐकू येणारच नाही, आणि शिक्षकानं हाताच्या बोटांनी मानेखाली हलके दादरा धरला तर तो पुरेसा असतो. दोन आवर्तनांपासून सुरू करून दहापर्यंत न्या. सडपातळ, कसलेल्या अंगाच्या पुरुषांचे पाय खाली जातातच. त्यांना पाय किंचित हलवू द्या, दोष काढू नका.

मग बाण. काठाला पाठ, एक पाय भिंतीवर, हात कानांमागे एकावर एक, तोंड पाण्यात, आणि भिंत ढकलून सरळ सरकायचं. 'ना धा तू ना' या चार मात्रा सरकत राहायचं, हुंकार चालू, मग उभं. तीन ते चार मीटर सरकता आलं म्हणजे अंग सरळ आहे.

आधार हवाच असेल तर दोन लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या, झाकणं घट्ट, कापडी पिशवीत बांधून पुढे धरायला द्या. एकेक बाटली जवळजवळ दोन किलोचा उचल देते. दोन-तीन दिवसांनी बाटल्या अर्ध्या भरा, उचल निम्मी होते. पुढे पूर्ण भरा. हातात बाटल्या तशाच राहतात पण त्यांचा आधार उरलेला नसतो, आणि हे मुलाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्याला मौज वाटते. मोटारीची ट्यूब मात्र नको. ट्यूबमध्ये मूल उभं लोंबतं, पाय सायकलसारखे चालवायची सवय लागते आणि निसटून खाली गेलं तर वरून दिसत नाही. बाटल्या असोत की पाठीवरचा डबा, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. पाठीवरचा डबा पोटाकडे किंवा एका कुशीला सरकला तर तोंड पाण्यात दाबलं जातं.

पाय

इथे लय वाढवायची. मिनिटाला १२० मात्रा, मात्रेला एक पाय. ६०-७० वर पाय मारायला लावले तर दोन फटक्यांमध्ये पाय बुडतात आणि शिकणारा हताश होतो. शिक्षक इथे नेमकी उलटी चूक करतात: 'आधी हळू शिकव' म्हणून लय पाडतात. हळू असतो तो श्वास, पाय नव्हेत.

काठ धरून, तोंड पाण्यात, फटका मांडीपासून. गुडघा सैल, घोटा सैल, अंगठे किंचित आत. दोन पायांतलं अंतर साधारण एक फूट. टाच पाण्याच्या पातळीला जेमतेम फोडते. मोठा फवारा उडत असेल तर पाय पाण्याबाहेर चालले आहेत. पाच आवर्तनं पाय, पाच आवर्तनं विश्रांती, असं सहा वेळा.

गुडघे पोटाखाली येऊन सायकल चालली तर माणूस पुढे जात नाही, कधी मागेही सरकतो. उपाय: त्याला उताणं करून पाय मारायला लावा आणि "गुडघा पाण्याबाहेर दिसला नाही पाहिजे" एवढंच सांगा. पोटरीत गोळा आला तर घोटा कडक धरल्यामुळे. काठाला थांबवून पायाची बोटं आपल्याकडे ओढायची, गोळा उतरतो.

दादरा आणि सरळ पोहणं

ज्याला फ्रीस्टाइल म्हणतात त्यात दोन हातांच्या एका फेरीला सहा पाय बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, प्रत्येक भागाला एक हात. म्हणूनच हा ठेका निवडला आहे.

उजवीकडे श्वास घेणाऱ्यासाठी असं: सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पडते त्या 'धा' ला डावा हात पाण्यात शिरतो आणि तोंड उजवीकडे वळलेलं असतं. 'धा धी' श्वास. 'ना' ला तोंड पाण्यात. दुसऱ्या 'धा' ला उजवा हात शिरतो. 'तू ना' बुडबुडे चालूच. पाय सहाही मात्रांवर. पहिल्या दिवशी काठ धरून जे दोन आत-चार बाहेर केलं तेच इथे जसंच्या तसं येतं, नवीन काही नाही. डावीकडून श्वास घेणाऱ्यानं हात उलटे करायचे.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा काठावर उभं राहून, कंबरेत वाकून, नुसते हात आणि मान, ६० मात्रांवर. मग पाण्यात चालत, तोंड बुडवून तेच, ७० वर. मग बाटल्या एका हातात धरून दुसऱ्या हातानं, पायांसह, ११० वर. शेवटी सुटं, १२० वर, म्हणजे मिनिटाला हातांच्या वीस फेऱ्या. सुरुवातीला चार फेऱ्यांनंतर उभं राहायचं. त्याच्यापुढे मोडलेली लय घेऊन कुणी पोहत राहिलं तर ती मोडलेली लयच पाठ होते.

श्वास घेताना डोकं वर उचलणं हा नव्वद टक्के नवशिक्यांचा दोष म्हटला तरी चालेल. डोकं वर, पाय खाली, तराजूसारखं. "एक डोळा, एक कान पाण्यात राहू दे" ही सूचना पुरते. हात डोक्यासमोर मधली रेष ओलांडून पडत असतील तर अंग सापासारखं वळवळतं. "रुळावर पड" असं सांगा, म्हणजे प्रत्येक हात आपापल्या खांद्यासमोर.

सहा पायांचा हिशेब कुणाला जमलाच नाही तर अडून बसू नका. हात आणि श्वास तालात असले तर पाय कमी-जास्त झाले तरी चालतात.

बेडकाचं पोहणं, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोक, केरव्यात बसतं. लय ११० ते १२०. 'धा गे' हात बाहेरून आत आणि श्वास, 'ना' हात पुढे, तोंड पाण्यात, 'ति' पाय, 'न क धि न' लांब सरक आणि बुडबुडे. शिकणारे शेवटच्या चार मात्रा खातात, लगेच पुढचा हात मारतात आणि जागच्या जागी दमतात. पावलं बाहेर वळवून टाचांनी पाणी ढकलायचं. पंजा सरळ ताणला तर पायाला पाणी लागतच नाही. गुडघेदुखी असलेल्यांना हा पाय मारायला लावू नका.

ठेका केव्हा बंद करायचा

दहा मीटर न थांबता, श्वास न चुकवता जमलं की. त्यानंतर निम्मा तास ठेक्याविना. नाहीतर टाळ आहेत तोवर पोहणारा आणि एरवी गांगरणारा असा माणूस तयार होतो, आणि नदीकाठी टाळकरी नसतो. दमलेल्या माणसाला आपली लय हळू करता आली पाहिजे; बाहेरच्या ठेक्यामागे धावणाऱ्याला ती करता येत नाही.

खोल पाण्याकडे नेण्याआधी तीन गोष्टी बघा: पंचवीस मीटर पोहणं, दोन मिनिटं उताणं तरंगणं, आणि एक मिनिट उभं पोहणं. उभ्या पोहण्यात तळहातांचा आडवा आठ आणि खाली बेडकाचा सावकाश पाय, हनुवटी पाण्यालगत. खांदे पाण्याबाहेर काढायचा हट्ट धरला तर वीस सेकंदांत दम लागतो.

काठावर लांब बांबू, गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम हवी. ट्यूब शिकवायला नको असली तरी फेकायला उत्तम. बुडणाऱ्याकडे आधी बांबू करा, मग दोर किंवा ट्यूब फेका. कमी सरावाच्या माणसानं त्याच्यामागे उडी टाकली की दोघे बुडतात. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. एकानं ११२ किंवा १०८ ला फोन करावा, दुसऱ्यानं तोंडानं श्वास देऊन छातीदाब सुरू करावेत: तीस दाब, दोन श्वास. छातीदाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०. पाय मारण्याची लय कानात बसलेल्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

विहिरीत पहिल्यांदा नेताना दिवस लख्ख असावा, विहीर पायऱ्यांची असावी, आणि दोर पाण्यापर्यंत सोडलेला असावा. आधी मोटारीचा वीजपुरवठा बंद करून घ्या आणि केबल पाण्यात लोंबत नाही ना ते पाहा. विहिरीचं पाणी तलावापेक्षा गार असतं आणि पहिल्या क्षणी श्वास अडकतो. मुटका मारत आत जायचं नाही. पायरीवर बसून अंग भिजवायचं, दोर धरून गळ्यापर्यंत उतरायचं आणि दहा वेळा दोन आत-चार बाहेर करायचं. श्वास सरळ झाला की मगच हात सोडायचा.